मिस्टर हार्लनची बटणं

हे लिहायचंच नाही, असं परीक्षितचं जवळपास ठरलं होतं. दोनदा त्याने लॅपटॉप उघडला, दोन-दोन परिच्छेद धडाधड बडवले आणि पुसून टाकले. कारण सरळ होतं. ही गोष्ट खरी सांगायची म्हटली की एका म्हाताऱ्या माणसाच्या एकुलत्या एका वस्तूची त्याने लावलेली वाट त्यात येते, आणि त्याहून वाईट म्हणजे ते झाकायला त्याने काय उद्योग केले तेही येतं. ते गाळलं असतं तर गोष्ट कशी छान, गुळगुळीत झाली असती. पण तशी गोष्ट सांगून उपयोग काय?

तर परीक्षित तायडे. वय सव्वीस, गाव खामगाव. 2006 साली तो अटलांटाच्या वरच्या अंगाला, अल्फारेटात, एका इन्शुरन्स कंपनीत टेस्टर होता. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, त्यांना नंबर द्यायचे आणि ज्याची चूक त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायच्या. या कामाने माणसं जोडली जात नाहीत. त्याचा रूममेट अनिश पुण्याचा, त्याच कंपनीत प्रोग्रॅम लिहिणारा, आणि परीक्षितने काढलेल्या निम्म्या चुका त्याच्याच असायच्या. तरी दोघं एका घरात नांदत होते, कारण अनिशला स्वयंपाक यायचा आणि परीक्षितला भांडी घासायचा कंटाळा नव्हता.

एका शनिवारी परीक्षित टेबललॅम्प घ्यायला जुन्या बाजारात गेला. हायवेच्या कडेला एक बंद पडलेलं मोठं दुकान होतं, त्यात शनिवारी लोक टेबलं मांडून बसायचे. कोणी जुन्या बशा, कोणी हत्यारं, कोणी गोधड्या. लॅम्प काही मिळाला नाही, पण एका टेबलाशी त्याचे पाय थांबले ते उकडलेल्या शेंगांच्या वासाने. घरून निघाल्यापासून, म्हणजे दीड वर्षात, हा वास त्याला आला नव्हता. टेबलामागे सत्तरीचा एक सडसडीत म्हातारा बसला होता, मांडीवर कागदी पिशवी, आणि तो आपल्याकडे खातात तश्शाच शेंगा दाताने दाबून, आतलं खारं पाणी ओढून घेत खात होता. त्याने पिशवी पुढे केली. परीक्षितने चार घेतल्या आणि खाता खाता टेबलावर नजर टाकली.

टेबलावर बेसबॉलची कार्डं होती. पत्त्याएवढी, प्रत्येकावर एका खेळाडूचा फोटो. बेसबॉलमधलं परीक्षितला ओ की ठो कळत नव्हतं. पण एक कार्ड बघून त्याला हसू आवरेना. फार जुन्या कार्डाची नक्कल होती ती, अठराशे ऐंशी-नव्वदच्या काळातल्या. जाडजूड मिशांचा एक माणूस झेल घ्यायला दोन्ही हात पुढे करून उभा, मागे रंगवलेल्या पडद्यावर झाडं, आणि बॉल हवेत. तो बॉल दोऱ्याने वरून टांगलेला होता, आणि दोरा चक्क दिसत होता.

म्हाताऱ्याने विचारलं, एवढं हसण्यासारखं काय आहे. परीक्षितने सांगितलं की त्याच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे असाच एक पडदा आहे, त्यावर काश्मीर आहे. वायर नसलेला एक टेलिफोन आहे, जो कानाला लावून खामगावातल्या निम्म्या लोकांनी फोटो काढलेत. आणि पुठ्ठ्याची एक मोटारसायकल आहे, तिला मागून स्टुलाचा टेकू लागतो. हे सगळं सांगून झाल्यावर म्हाताऱ्याने त्याच्यासाठी एक खुर्ची ओढली.

त्याचं नाव हार्लन. सत्तरीच्या माणसाला नुसतं नावाने हाक मारणं परीक्षितला जमेना, पण तिकडे जॉर्जियात एक बरं आहे, वडीलधाऱ्यांना पहिल्या नावाआधी 'मिस्टर' लावतात. मिस्टर हार्लन. म्हणजे आपलं हार्लनकाकाच की. परीक्षितला एकदम घरच्यासारखं वाटलं.

मग दर शनिवारी तो तिथे जाऊ लागला. अनिश म्हणायचा, लोक वीकेंडला मुली बघतात, आमचे साहेब पत्ते बघतात. पण परीक्षितला तिथे आपल्या बापाचा धंदा भेटला होता, नुसता वेगळ्या कपड्यांत. मिस्टर हार्लन एकेक कार्ड पुढे सरकवायचे आणि सांगायचे. सगळ्यात आधी ही कार्डं सिगारेटच्या पाकिटात यायची. सिगारेटी चेपू नयेत म्हणून आत एक पुठ्ठा असायचा, त्यावर कोणाला तरी सुचलं की खेळाडूचा फोटो चिकटवावा. तेव्हाचे कॅमेरे संथ, पळता माणूस टिपणं त्यांच्या आवाक्याबाहेर, म्हणून खेळाडूला स्टुडिओत आणून बॉल दोऱ्याला बांधायचा. नंतर फोटोवरून रंगीत चित्रं काढून छापायला लागले. मग च्युइंगमवाले आले, त्यांनी काळ्यापांढऱ्या फोटोंवर हाताने रंग भरले. सगळ्यांचे गाल गुलाबी, सगळ्यांचं आकाश निळं.

परीक्षित भिंग घेऊन बघायचा आणि रंगवणाऱ्याचा हात ओळखायचा. इथे ओठ ब्रशने, इथे कानाची कड पेन्सिलीने. त्याचे वडील लग्नाच्या फोटोंत हेच करायचे. सावळ्या नवरीला गोरी करून द्या म्हणून मुलाकडचे मागे लागायचे.

टोप्यांची भानगड त्याला सगळ्यात आवडली. खेळाडू एका टीमकडून दुसऱ्या टीमला विकले जात, आणि कार्डं तर आधीच काढायची असत. म्हणून दर वर्षी सीझनआधी सरावाला सगळे फ्लोरिडात जमले की फोटोवाले प्रत्येकाचे दोन फोटो घ्यायचे, एक टोपी घालून आणि एक बोडका. माणूस विकला गेला की बोडका फोटो वापरायचा. तोही नसला तर रंगवणाऱ्याने जुन्या टोपीवर नव्या टीमचं अक्षर काढायचं, छातीवरचं नाव पुसून नवं लिहायचं. परीक्षित म्हणाला, आमच्याकडे वारलेल्या आजोबांना नातवाच्या मुंजीच्या फोटोत असंच आणून उभं करतात, डोक्यावर नवा फेटा देऊन. मिस्टर हार्लन इतके हसले की शेंगा सांडल्या. शेजारच्या टेबलावर बड नावाचा एक जाडा माणूस जुने चाकू विकायचा. त्याने ओरडून विचारलं की काय झालं, आणि त्यालाही मुंज म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. त्यात अर्धी सकाळ गेली.

असे दोन महिने गेल्यावर ऑगस्टमध्ये एकदा मिस्टर हार्लननी शर्टाच्या खिशातून एक कार्ड काढलं. एका पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं ते. 1958 सालचं, एका छोट्या च्युइंगम कंपनीचं, जी पुढच्याच वर्षी बुडाली. फोटोखाली नाव होतं हार्लन पुएट.

मोठ्या लीगमध्ये मिस्टर हार्लन एकच सीझन खेळले होते, कार्डाच्या आदल्या वर्षी, एकोणीस मॅचेस. हिवाळ्यात त्यांना दुसऱ्या टीमला विकलं, तेवढ्यात गुडघा गेला आणि ते गावी येऊन टायरचं दुकान चालवू लागले. त्या एका वर्षाचं त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. फोटो, कात्रणं, सगळं एका ट्रंकेत होतं आणि तळघरात पाणी शिरलं तेव्हा ते गेलं. राहिलं ते एवढं कार्ड. आणि या कार्डाची गंमत अशी की त्यावरचा माणूस ते नव्हतेच.

"ग्लव्ह बघ," ते म्हणाले.

कार्डावरच्या माणसाच्या उजव्या हातात ग्लव्ह होता. म्हणजे तो डाव्या हाताने बॉल फेकणारा. मिस्टर हार्लन उजव्या हाताचे, तिसऱ्या बेसवर उभे राहणारे. त्या जागी डावखुरा माणूस कोणी उभाच करत नाही, तिथून त्याला पूर्ण वळून फेकावं लागतं. फोटो काढले त्या सकाळी फ्लोरिडात फोटोवाल्याने त्यांच्यानंतर लगेच ड्यूई नावाच्या एका डावखुऱ्या पोराचा फोटो काढला होता. उंची तीच, अंगकाठी तीच, चेहऱ्यावर टोपीची सावली. कंपनीने नावांची अदलाबदल केली असणार. गेली अठ्ठेचाळीस वर्षं सगळे हेच म्हणत आले. त्यांची बायको लॉरेटा होती तोवर तीही म्हणायची, बडही म्हणतो.

हे सगळं ते हसत सांगत होते, त्यांची एक भुवई नेहमीसारखी वर गेलेली. मग हसणं थांबलं. त्यांची दहा वर्षांची नात मेगन. ऑक्टोबरात तिच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता आणि तिला हे कार्ड वर्गात न्यायचं होतं. तिने विचारलं होतं, आजोबा, हा तूच ना? त्यांनी तिला उत्तर दिलं नव्हतं.

"तुझ्या कॉम्प्युटरवर मोठं करून बघ," ते परीक्षितला म्हणाले. "मला आता कळत नाही. हा मी असेन तर तिला देईन. नसेन तर तसं सांगून टाकेन. पण खोटं सांगून पोरीच्या हातात नाही देणार."

आणि त्यांनी ते कार्ड त्याच्या हातात ठेवलं.

आता परीक्षितने पुढे जे केलं ते समजून घ्यायला तायड्यांचं घर बघितलेलं असावं लागतं. त्या घरात जे जे महत्त्वाचं ते ते लॅमिनेट केलेलं आहे. दहावीची मार्कशीट, बारावीची मार्कशीट, आजोबांचं रेल्वेतलं नेमणूकपत्र, रेशनकार्ड. सोयरिकीला आलेल्या एका मुलीचा बायोडेटासुद्धा वडिलांनी लॅमिनेट केला होता, आणि मग नकार कळवल्यावर परत कसा करायचा हा प्रश्न पडला होता. लॅमिनेशन म्हणजे त्या घरचा मानसन्मान. आणि इकडे फ्लॅटमध्ये टेबल एकच, त्यावरच कॉम्प्युटर, त्याच्या पलीकडे शेगडी, आणि रविवारी सकाळी अनिशची पोह्यांची फोडणी, जिच्यातली मोहरी पार बेडरूमपर्यंत उडते.

सोमवारी सकाळी परीक्षितने ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर, जिथे आयकार्डं बनवतात, तिथल्या मशीनमध्ये मिस्टर हार्लनचं कार्ड लॅमिनेट केलं. कडा गोल कापून घेतल्या. कसं चकचकीत दिसत होतं.

संध्याकाळी त्याने अभिमानाने ते अनिशला दाखवलं. अनिशने ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि खुर्चीवर बसला.

"तायडे, हे तू केलंस? स्वतः?"

"हो. का?"

"यार, तू या कार्डाचा खून केलास."

अनिशने नेटवर कार्डं जमा करणाऱ्यांचं एक पान उघडून दिलं. पहिल्याच ओळीत होतं की जुनं कार्ड कधीही, कुठल्याही परिस्थितीत लॅमिनेट करू नका, ते परत निघत नाही, काढायला गेलात तर चित्रच प्लॅस्टिकबरोबर उचलून येतं. खाली कोणीतरी लिहिलं होतं की माझ्या मेहुण्याने असं केलं, आता आम्ही बोलत नाही. परीक्षितने ते तीन वेळा वाचलं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांना नंबर देणारा माणूस, आणि आपल्या चुकेला काय नंबर द्यावा ते त्याला कळेना.

पुढचे दोन शनिवार तो बाजारात गेलाच नाही. मिस्टर हार्लनचा फोन आला, त्याने ऑफिसचं काम सांगितलं. मिस्टर हार्लन म्हणाले, सावकाश ये, शेंगा काही पळून जात नाहीत. ते ऐकून त्याला जास्तच कसंतरी झालं.

तोडगा अनिशने काढला. म्हणाला, तुझ्या बापाने तुला हात दिलाय, तो कधी कामाला येणार? दुसरं बनव. म्हाताऱ्याला चष्म्यातून काय दिसणार आहे. परीक्षित आधी नाही म्हणाला. आणि मग, हे लिहायला जड जातं, पण तो बसला आणि बनवायला लागला. कार्ड स्कॅन केलं, प्लॅस्टिकची चमक एकेक ठिपका करून काढली, तशाच जाडीचा करडा पुठ्ठा शोधून आणला, त्याला जुना रंग यावा म्हणून चहात भिजवला. चहा अनिशने करून दिला आणि वर विचारलं, आलं घालू का.

दोन रात्रींत नकली कार्ड इतकं छान झालं की स्वतः परीक्षितलाही ते आवडलं. आता फक्त शर्टाच्या घड्या राहिल्या होत्या. त्या साफ करायला त्याने छातीचा भाग पडदाभर मोठा केला, आणि तिथेच त्याचा हात थांबला.

शर्टाची पुढची पट्टी चुकीच्या बाजूने वर आली होती.

पुरुषाच्या शर्टात डावी बाजू उजवीवर येते, बटणं उजवीकडे. बायकांच्या कपड्यांत उलटं. कार्डावरच्या या गड्याची उजवी बाजू डावीवर होती. त्याने अनिशला स्वतःच्या शर्टाकडे बघायला लावलं, मग आपल्याकडे बघितलं. मग कॉलिंग कार्ड काढून खामगावला फोन लावला. तिकडे सकाळ होती, वडील नुकतेच दुकान उघडत होते.

"बाबा, निगेटिव्ह उलटी लागली हे तुम्ही कशावरून ओळखता?"

"इतक्या सकाळी काय झालं बे तुले?" वडील म्हणाले. मग धंद्याचा प्रश्न आहे म्हटल्यावर खुशीत आले. "बटनं पाह्य. माणसाची बटनं कधी खोटं बोलत नाही. मी पहिले पदर पाह्यचो. पदर उजव्या खांद्यावर दिसला का समजायचं, उलटी लागली. मंग त्या मारवाडी शेटजीच्या बायकोचा फोटो मीनं सरळ करून देल्ला. त्यायचा पदर उजव्याच खांद्यावर असते, मले काय माहीत? शेटजीनं सारा मोहल्ला जमा केला. तवापासून मी बाईच्या पदरावर जात नाही, माणसाची बटनं पाह्यतो."

परीक्षितने विचारलं, पण टोपीवरची अक्षरं तर सरळ आहेत. वडील म्हणाले, अक्षरं फोटोतली आहेत का वरून काढलेली, ते आधी पाह्य. आणि परीक्षितच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मिस्टर हार्लन त्या हिवाळ्यात एका टीमकडून दुसऱ्या टीमला विकले गेले होते. टोपीवरचं अक्षर, छातीवरचं नाव, सगळं रंगवणाऱ्याने नंतर ब्रशने काढलेलं. त्याच्या हातात फोटो आला तोच उलटा, आणि त्याने त्यावर सरळ अक्षरं काढली. म्हणून अठ्ठेचाळीस वर्षं कोणाला संशय आला नाही.

त्याने चित्र आडवं उलटवलं. एक क्लिक. टोपीवरचं अक्षर उलटं झालं, पण ग्लव्ह डाव्या हातात आला, बटणं जागेवर आली, आणि टोपीच्या सावलीतली डावी भुवई वर गेली. मिस्टर हार्लन त्याच्याकडे बघत होते. एकवीस-बावीस वर्षांचे, उकडलेल्या शेंगा खायच्या आधीचे.

ड्यूईचा प्रश्नच नव्हता. ड्यूई असता तर ग्लव्ह उजव्या हातात असूनही बटणं सरळ असती.

अनिश म्हणाला, झालं तर मग, आता नकली कार्ड दे आणि ही खबरही दे, म्हातारा खूश, मामला खतम. परीक्षितने टेबलावरच्या दोन्ही कार्डांकडे पाहिलं. पोरीच्या हातात खोटं नाही देणार, असं तो माणूस म्हणाला होता. आणि हा त्याच्या पोरीसाठी चहात भिजवलेला पुठ्ठा घेऊन जाणार होता. शनिवारी त्याने तिन्ही वस्तू एका पाकिटात घातल्या: लॅमिनेट झालेलं कार्ड, नकली कार्ड, आणि उलटवलेल्या चित्राचा वहीच्या पानाएवढा प्रिंट. वाटेत दोनदा गाडी वळवावी असं वाटलं.

मिस्टर हार्लननी खुर्ची ओढली, पिशवी पुढे केली. परीक्षितने शेंगा घेतल्या नाहीत. आधी लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवलं आणि सगळं सांगितलं. मशीन, मोहरी, मार्कशीट, दोन चुकवलेले शनिवार. मग नकली कार्ड ठेवलं आणि तेही सांगितलं, चहासकट.

मिस्टर हार्लननी लॅमिनेट केलेलं कार्ड टेबलावर टकटक आपटून पाहिलं. बड चाकू सोडून बघायला आला, म्हणाला, हे तर मेनूकार्ड झालं, यावर केचप सांडला तरी पुसता येईल. मिस्टर हार्लननी त्याला हाताने गप्प केलं. मग भिंग घेऊन नकली कार्ड न्याहाळलं, बराच वेळ.

"हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "आता याच्या मागे मोठ्या अक्षरांत लिही, नकली. आत्ता. माझ्यासमोर."

परीक्षितने पेन काढून लिहिलं. अक्षर बरं आलं.

"हे नकली नुसतं दिलं असतंस आणि ते प्लॅस्टिकवालं लपवलं असतंस," मिस्टर हार्लन म्हणाले, "तर मला कळलं असतं. चहाचा वास येतोय. आणि अजून कसला तरी."

"आल्याचा," परीक्षित म्हणाला. मग त्याने प्रिंट काढला. तो पुढे सरकवून म्हणाला, "मिस्टर हार्लन, तुमच्या शर्टाची बटणं बघा."

मिस्टर हार्लननी मान खाली घातली. मग प्रिंटकडे पाहिलं, मग कार्डाकडे, मग पुन्हा स्वतःच्या छातीकडे. बडनेही आपला शर्ट पोटावरून पुढे ओढून बघितला. पलीकडच्या गोधडीवाल्या बाईंनी विचारलं की काय चाललंय, आणि ऐकल्यावर त्यांनी आपली बटणं बघून जाहीर केलं की त्यांची उलटी आहेत. पाच मिनिटांत त्या रांगेतली सगळी टेबलं धंदा सोडून आपापल्या छातीकडे बघत होती. एक गिऱ्हाईक घाबरून निघूनच गेलं.

मिस्टर हार्लन मात्र कार्ड हातात धरून बसले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नुसताच धरून ठेवला.

"कार्ड आलं तेव्हा पहिल्यांदा बघून मी म्हणालो होतो की हा मीच," ते म्हणाले. "रोज सकाळी दाढी करताना आरशात हाच तर दिसायचा. लॉरेटा म्हणाली, छे, हा तू नाहीस, तुला मी रोज बघते. आणि तीही खोटं बोलत नव्हती." "एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिच्याशी एवढा एकच वाद मी जिंकलो, आणि ऐकायला ती नाही."

मग त्यांनी पिशवी पुन्हा पुढे केली, आणि या वेळी परीक्षितने शेंगा घेतल्या.

लॅमिनेशनबद्दल ते त्याला काही सोडणार नव्हते. पुढचे सगळे शनिवार टेबलावर काहीही ठेवलं की बड ओरडायचा, पोराच्या हाताला लागू देऊ नका. एकदा बडने स्वतःच्या नाश्त्याचं बिस्किट पुढे करून विचारलं की हे टिकेल का लॅमिनेट केलं तर. परीक्षित ऐकून घ्यायचा. काहीशी मजाही यायला लागली होती.

ऑक्टोबरात मेगन कार्ड शाळेत घेऊन गेली. शनिवारी मिस्टर हार्लननी सगळा वृत्तांत दिला. वर्गात सत्तावीस पोरं. कार्ड एका हातातून दुसऱ्या हातात फिरलं. पीनट बटरची बोटं, रंगांची बोटं, एका पोराने तर ते चावून पाहिलं. कार्डाला काही म्हणजे काही झालं नाही. मेगनने रुमालाने पुसलं आणि खिशात घातलं. दुसरं कोणाचं कार्ड असतं तर काचेच्या पेटीतून बाहेर निघालं नसतं. आणि मेगनने सगळ्या वर्गाला आपापली बटणं बघायला लावली, बाईंनासुद्धा. एक मुलगा म्हणाला, पण ग्लव्ह चुकीच्या हातात आहे, म्हणजे तुझे आजोबा नाहीत. मेगनने त्याला फळ्यासमोर उभं करून समजावलं. त्याला कळलं की नाही माहीत नाही, पण तो घाबरून हो म्हणाला.

सांगता सांगता मिस्टर हार्लननी कार्ड उलटं केलं. बेसबॉलच्या कार्डामागे खेळाडूची माहिती असते, किती मॅचेस, किती रन्स, आणि एखादी ओळ, हा शिकारीचा शौकीन आहे वगैरे. त्यांच्या कार्डामागे लिहिलं होतं की हार्लनला मासे पकडायला आवडतं. त्यांनी आयुष्यात मासा पकडला नव्हता.

"मी गेल्यावर हे मेगनचं," ते म्हणाले. "मग तिच्या पोरांचं. कोणीतरी पुन्हा म्हणेल ग्लव्ह चुकीच्या हातात आहे. तेव्हा बटणांचं कोण सांगणार? तू लिहून ठेव. मागे लिहायला हवं होतं ते."

परीक्षित म्हणाला, माझं इंग्रजी एवढं चांगलं नाही.

"इंग्रजीत नकोच. इंग्रजीत तू फार सभ्य होतोस. दर वाक्याला सॉरी म्हणतोस. तू घरी फोनवर ज्या भाषेत बोलतोस, हातवारे करत, तिच्यात लिही. मेगनला वाचून दाखवायला कोणीतरी सापडेल. नाहीतर तूच दाखव, इंग्रजीत सांगत."

बड पलीकडून म्हणाला, आणि मशीनचं गाळू नकोस. मिस्टर हार्लननी डावी भुवई वर केली. ते उत्तराची वाट बघत होते.

परीक्षितने शेंगेचं टरफल टेबलाखालच्या डब्यात टाकलं, हात पँटला पुसले.

"लिहितो, मिस्टर हार्लन," तो म्हणाला. "सगळं लिहितो. लॅमिनेशन आणि चहासकट. आणि मेगनला मी स्वतः वाचून दाखवीन, वचन देतो. मासे तेवढे काढून टाकीन."